उरलेलं उद्या

दुपारचे चार वाजले की इंदूअक्का आपणहून पट्टा मागायची. चहा झाला की व्हायचा आहे हे तिला आठवत नसे, वार कोणता हा प्रश्न तर तिनं वर्षापूर्वीच सोडून दिला होता, पण चार वाजले हे तिला घड्याळाकडं न बघता कळायचं.

“दिगू, आण तो पट्टा. भैरू तिकडं खोळंबलाय.”

“अगं, चहा तरी घे. निवला की पुन्हा मलाच करायला लावशील.”

“चहा रोजचाच आहे. तो माणूस सकाळपासून चिखलात उभा आहे.”

दिगंबरराव हर्डीकर मग मुकाट्यानं कपाटातून तो बोटभर रुंदीचा पट्टा काढत आणि अक्काच्या कपाळाभोवती हलक्या हातानं बसवत. समोरची भिंत उजळायची. भिंतीवर नदी यायची, कृष्णेसारखी पण कृष्णा नव्हे, आणि काठाला नाव लावून उभा असलेला भैरू नावाडी मान वर करून म्हणायचा, “बाईसाहेब, आज उशीर केला.”

“आमच्या घरात एक म्हातारा आहे,” अक्का त्याला सांगायची, “त्याचा चहा आटपत नाही.”

म्हातारा म्हणजे दिगंबरराव. वय अडुसष्ट. अक्का त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते आणि अक्कानं तेरा वर्षांच्या वयात त्यांना कडेवर घेतलं, ते नंतर कधी खाली ठेवलंच नाही. तिनं लग्न केलं नाही, मग यांचंही राहून गेलं. ती टपाल खात्यात चिकटली. पत्ता पुसलेली, माणूस न सापडलेली पत्रं जिथं येऊन पडतात त्या कचेरीत चौतीस वर्षं बसली. हे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाची गोडी मोजत राहिले आणि संध्याकाळी गोविंदबुवांच्या कीर्तनाला पेटीची साथ करत राहिले. सांगलीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघांचं सगळं आयुष्य कसं मापात बसलेलं होतं.

आणि मग अक्का विसरू लागली. आधी गॅस, मग शेजाऱ्यांची नावं, मग एके दिवशी जिन्यात उभी राहून, आपण वर चाललोय की खाली, हेच. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभरात घरची माणसं ओळखू येईनाशी होतील. घरची माणसं म्हणजे एकटे दिगंबररावच. त्याला आता तीन वर्षं झाली होती, आणि अक्का अजून त्यांना ‘दिगू’ म्हणत होती. हे सगळं त्या खेळाचं देणं होतं.

खेळाचं नाव ‘सांगावा’. त्यात अक्का होती एक निरोप नेणारी बाई. तिच्या झोळीत मेणकापडात गुंडाळलेलं एक पत्र. पत्ता पाण्यानं पुसलेला; गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी शिल्लक. नदीच्या उगमाकडं, गावोगाव थांबत, ते पत्र ज्याचं त्याला पोचवायचं. वाटेत माणसं भेटायची. भैरू, ज्याची मुलगी जत्रेत हरवली होती. साऱ्या गावाची पत्रं लिहून देणारा एक मास्तर, ज्याला स्वतःला कधी एक पत्र आलं नव्हतं. रोज दोरीला एक गाठ मारणारी मुकी म्हातारी. यातलं काहीही कुणी आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. अक्का बोलेल, बघेल, थबकेल, तशी गोष्ट त्या यंत्रात तिथल्या तिथं विणली जाई.

ऋजुता पहिल्या दिवशी घरी पट्टा बसवायला आली, तेव्हा तिनं हे दिगंबररावांना समजावून सांगितलं होतं. ऋजुता इस्पितळाकडून दर आठवड्याला येणारी उपचारक. तिशीची, भरभर बोलणारी, चपला दाराबाहेर काढताना आधी आतली खबर विचारणारी.

“काका, एखादी गोष्ट कळल्यावर मेंदूत जेवढं काम होतं ना, त्याहून जास्त काम ती कळायच्या आधी होतं,” ती म्हणाली होती. “आता पुढं काय होणार, अशी ओढ लागून राहते, तेव्हा मेंदूच्या तळाशी पेशींचा एक पुंजका असतो तो ठरावीक लयीत ठोके द्यायला लागतो. एवढं जुनंच माहीत होतं. नवीन सापडलंय ते असं, की त्या लयीवर मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी जाग्या होतात. या आजारात आठवणींच्या कोठारात जो गाळ साचतो तो त्या उपसतात. ठोके थांबले की त्याही निजतात.”

“म्हणजे औषध कुठलं?”

“उत्कंठा. तेच औषध.”

“मग मी तिला रोज मालिका लावून देतो की.”

“मालिकेत काल काय झालं ते त्यांना आज आठवत नाही ना, काका. धागाच सुटतो. हे यंत्र आधी महिनाभर नुसतं त्यांच्याशी बोलतं. त्यांच्या सगळ्यात जुन्या, खोल रुतलेल्या आठवणी काढून घेतं आणि गोष्ट त्यांच्यातच ओवतं. अक्कांच्या हातून लाखो पत्रं गेलीत. पत्र पोचलं नाही, ही गोष्ट त्या विसरूच शकत नाहीत. आणि हे बघा,” तिनं टॅबवरची हिरवी रेघ दाखवली, “ही त्यांची लहर. ही जिथं सगळ्यात उंच जाते, यंत्र नेमकं तिथं त्या दिवशीची गोष्ट थांबवतं.”

दिगंबरराव हसले होते. त्यांना हे यंत्र एकदम घरचं वाटलं.

गोविंदबुवा चातुर्मासात महिना महिना कीर्तन करत. पूर्वरंग झाला, बुवांना हार घातला, बुक्का लावला, की उत्तररंगात आख्यान सुरू. वनात एकटी राहिलेली राणी, पाठीमागं पाचोळा वाजलेला, ती वळून बघते, आणि बुवा चिपळ्या कमरेला खोचून म्हणत, “उरलेलं उद्या.” सगळं देऊळ कळवळायचं. बायका म्हणायच्या, बुवा, निदान कोण आहे ते तरी सांगा. बुवा म्हणायचे, “आत्ता सांगितलं तर उद्या याल का?” पेटीचा भाता दाबून धरलेल्या दिगंबररावांनाही माहीत नसायचं, आणि घरी येऊन जेवताना अक्का विचारायची, “काय रे, कोण होतं मागं?”

तर ते असं चाललं होतं. एकदा तर अक्कानं भैरूला खडसावलं, “मुलीला शोधतोस म्हणतोस आणि दोन दिवस याच घाटावर बसलायस. आमचा दिगू असता तर आत्तापर्यंत दोनदा हरवून दोनदा सापडला असता.” त्या दिवशी रेघ उंच गेली आणि दिगंबरराव आतल्या खोलीत जाऊन देवासमोर नुसतेच उभे राहिले.

मग वैशाखात ते पत्र आलं.

पत्र म्हणजे पट्ट्याबरोबर घरी दिलेल्या टॅबवरचा मजकूर. खेळ चालवणारी कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली होती. नव्या मालकांना ‘सांगावा’ चालू ठेवायचा नव्हता. तीस दिवसांनी गोष्ट विणणारी यंत्रं बंद होतील; लहर मोजणारा पट्टा इस्पितळाचा, तो तेवढा चालू राहील. रुग्णांच्या पालकांनी दोहोंतला एक पर्याय निवडावा. पहिला, कथा आहे त्या ठिकाणी थांबेल. दुसरा, यंत्र तीन बैठकांत कथेचा शेवट करून देईल. खाली एक चौकोन, ‘शेवटाबाबत काही सूचना असल्यास’.

ऋजुतानं आधीच चार ठिकाणी फोन करून पाहिले होते. “वर अर्ज केलाय, काका. आमच्या इस्पितळात अकरा जण यावर आहेत. सगळ्यांच्या वतीनं केलाय. पण तिकडं माणूसच बोलत नाही, सगळी उत्तरं ठरलेली येतात.”

“मग काय करायचं?”

“मी काही सांगू शकत नाही. सांगायची परवानगी नाही, आणि खरं म्हणजे मला माहीतही नाही. आजवर कुणाची गोष्ट संपलीच नाहीये, मग आकडे आणू कुठून?” तिनं टॅब पालथा ठेवला. “पण मला विचाराल तर राहू दे अर्धवट. लहर वाट बघण्याची आहे ना.”

“वाट कुणाची? बंद पडलेल्या यंत्राची?”

अक्का त्या वेळी गोष्टीत कुठं होती हे पाहायला हवं. गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं जुळणारं एकच गाव उरलं होतं. ते आलं होतं. नदीच्या वळणावरचं घर सापडलं होतं. अक्कानं कडी वाजवली होती. आतून पावलांचा आवाज आला होता. तिथं गोष्ट थांबलेली.

“कडी वाजवून माणसाला कायमचं दारात उभं ठेवायचं?” दिगंबरराव म्हणाले. “अगं, वैऱ्यालासुद्धा असं करू नये.”

इथं गोविंदबुवांचा दंडक सांगायला हवा. रोजची कथा बुवा खुशाल अर्धी तोडत. पण समाप्तीच्या दिवशी एकही धागा लोंबता ठेवायचा नाही. हरवलेला सापडला पाहिजे, रुसलेला परतला पाहिजे, युद्धाचं आख्यान असेल तर ते ओढत ओढत कुणाच्या तरी बारशापर्यंत न्यायचं, आणि मगच आरती. “श्रोता डोळे पुसत घरी गेला तर दोष कीर्तनाच्या गादीला,” बुवा म्हणत. “आख्यान अर्धं ठेवून केलेली आरती देवाला पोचत नाही.” एका समाप्तीला बुवांचा घसा मधेच बसला. लोक उठून गेले. बुवांनी तीन दिवस अन्न घेतलं नाही. चौथ्या दिवशी घरोघर निरोप पाठवून सगळ्यांना बोलावलं, उरलेलं आख्यान पुरं केलं, तेव्हा पेज घेतली. त्या चौथ्या दिवशी पेटीवर दिगंबररावच होते. हे त्यांच्या हाडात गेलेलं.

तरी त्यांनी अक्काला विचारलं. अंधारात काही केलं नाही.

“अक्का, गोष्ट संपली तर चालेल तुला?”

“संपेल की. सगळ्याच संपतात.” ती शेंगा सोलत होती. सोललेले दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत पडत होती. “आधी पत्रात काय आहे ते कळू दे म्हणजे झालं.”

दिगंबररावांनी याचा अर्थ होकार असा घेतला. दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. आणि मग त्या ‘सूचना असल्यास’ चौकोनासमोर ते दोन सकाळी बसले. तीन वर्षं अक्काच्या शेजारी बसून त्यांनी प्रत्येक माणूस पाहिला होता. एकालाही ते विसरले नाहीत. भैरूला मुलगी भेटावी. मास्तरांना पत्र यावं. मुक्या म्हातारीच्या दोरीची शेवटची गाठ सुटावी. दार उघडावं, ज्याचं पत्र त्याच्याच हाती पडावं, आणि पत्रात शुभवर्तमान असावं. शेवटी सगळे एका घाटावर यावेत, दिवे सोडावेत. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि समाधानानं डोळे मिटले. बुवा असते तर पाठीवर हात ठेवला असता.

पहिल्या बैठकीत भैरूची मुलगी सापडली. अक्का म्हणाली, “हो का?” रेघ उंचच होती, दार अजून उघडायचं होतं. दुसऱ्या बैठकीत मास्तरांना पत्र आलं. ते कुणाचं, हेही अक्कानं विचारलं नाही.

तिसऱ्या बैठकीच्या दिवशी दिगंबररावांनी पेढे आणले. निरांजनात फुलवात घालून तबक तयार ठेवलं. गोष्ट संपली की आरती करायची, असं त्यांनी मनाशी योजलं होतं. ऋजुताही येऊन बसली, तिची सुट्टी असून.

दार उघडलं. आत एक पांढऱ्या केसांची हसरी बाई. तिनं पत्र घेतलं, फोडलं, वाचून दाखवलं, “आम्ही सगळे सुखरूप आहोत. तूही सुखात राहा.” बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग घाट आला, भैरू लेकीचा हात धरून आला, मास्तर आले, मुकी म्हातारी आली, नदीवर शेकडो दिवे तरंगत गेले आणि भिंतीवर सोनेरी अक्षरं उमटली, ‘समाप्त’.

दिगंबररावांनी काडेपेटी उचलली.

“एवढंच?” अक्का म्हणाली.

ती भिंतीकडंच बघत होती. भिंत आता नुसती भिंत होती. कॅलेंडर, त्याखाली खिळा.

“दिगू, तीन वर्षं मी ते पत्र वाहिलं, ते एवढ्यासाठी?”

“अगं, पोचलं की. ज्याचं त्याला मिळालं.”

“चौतीस वर्षं पत्रं हाताळली मी. इतकं गुळगुळीत पत्र कुणी लिहीत नाही. सुखरूप असलेला माणूस कशाला नदीभर कागद धाडेल? काहीतरी अडलेलं असतं म्हणून माणूस लिहितो.” बऱ्याच महिन्यांत ती सलग इतकं बोलली नव्हती. “आणि भैरूची पोर? नेमकी त्याच घाटावर? सगळ्यांना आपापलं वाटून टाकलं, पंगतीत लाडू वाढल्यासारखं. कुणाला हवाय, कुणाला नको, विचारायचं नाही. वाढत सुटायचं.”

ऋजुता टॅबकडं बघत होती. दिगंबरराव तिच्याकडं बघायचं टाळत होते.

“कुणी केलं हे?” अक्कानं विचारलं.

“यंत्रानं.” साठ-पासष्ट वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले.

“यंत्राला कसली घाई. हे कुणातरी माणसानं केलंय.” तिनं पट्टा स्वतःच काढला, नीट गुंडाळला, त्यांच्या हातात दिला. “कनवाळू असणार बिचारा. पण त्याला गोष्टीतलं काही कळत नाही.”

पेढा तिनं घेतला, हातात धरला आणि बशीत परत ठेवला. दिगंबररावांनी निरांजन लावलंच नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. अक्कानं पट्टा मागितला नाही. दिगंबररावांनी वाट पाहिली, सव्वाचार झाले, साडेचार झाले. शेवटी स्वतःच आणून बांधला. रेघ जमिनीवर ओढलेल्या चुन्याच्या फक्कीसारखी सरळ होती.

ऋजुतानं दुसरे खेळ आणले. डोंगराचा आणला, चोरी पकडण्याचा आणला, एक तर टपाल कचेरीचाच होता. अक्का दोन मिनिटं बघायची आणि म्हणायची, “झालं की ते. पोचलं पत्र.” ऋजुताच्या कपाळाला आठी पडायची. एकदा जिन्यात दिगंबररावांनी तिला गाठलं.

“तो शेवट पुसून टाकता येणार नाही का? कंपनीला लिही. पुन्हा त्या दारापाशी नेऊन सोडा म्हणावं. मी किती दिवस लागले तरी थांबतो.”

“काका, तो शेवट आता यंत्रात नाहीच. अक्कांच्या डोक्यात आहे.”

आणि ते खरं होतं. दुपारचं जेवण ती विसरली, घराचा नंबर विसरली, आईचं नाव विसरली. पण पत्र पोचलं, भैरूला पोर मिळाली, सगळं आटोपलं, हे ती विसरत नव्हती. विसरण्याच्या आजारात देवानं तेवढं एक तिच्या पदरात पक्कं बांधून दिलं होतं. बांधणारे हात कुणाचे, हे दिगंबररावांना ठाऊक होतं.

त्यांनी पेटी काढली. अक्कासमोर सतरंजी घातली आणि बुवांची आठवतील तेवढी आख्यानं एकेक करून सांगायला घेतली. आवाज त्यांचा साथीदाराचा, पुढं उभं राहण्याचा नव्हे. पण तालात कमी पडले नाहीत. राणी वनात आणली, पाचोळा वाजवला, चिपळ्या नव्हत्या म्हणून दोन चमचे कमरेला खोचले. “उरलेलं उद्या,” म्हणाले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून टॅबकडं पाहिलं. काही नाही. अक्का खिडकीतून खालच्या विनाचालक रिक्षा येताजाताना बघत होती. मग त्यांनी भैरूची गोष्ट पुढं चालवून पाहिली. म्हणाले, “अक्का, ती मुलगी खरी भैरूची नव्हतीच.” अक्कानं त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यांना पुढं बोलवेना. ती नजर लहानपणी ते चोरून साखर खायचे तेव्हाची होती.

एके सकाळी त्यांनी कबूल केलं. तिचे केस विंचरत होते, म्हणजे तिचा चेहरा समोर नव्हता. “अक्का, तो शेवट मी सांगितला होता. चुकलं माझं.”

“कुठला शेवट?” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “चांगला होता की. सगळे सुखी झाले.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

श्रावणात ती जेवताना घास तोंडात ठेवून थांबू लागली. भाद्रपदात एकदा तिनं त्यांना ‘बाबा’ म्हटलं, एकदा ‘साहेब’. ‘दिगू’ शेवटचं कधी म्हणाली हे त्यांनी टिपून ठेवलं नव्हतं. रोजची हाक, ती काय टिपायची. पुढं ती त्यांना काहीच म्हणेनाशी झाली. ऋजुता येई, आकडे घेई, निघताना म्हणे, “काका, तुम्ही जेवलात का?” तिच्याकडं दुसरं काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं. अकरापैकी ज्या सहा जणांनी गोष्ट अर्धी ठेवली होती, त्यांतल्या चौघांची रेघ अजून हलत होती, हे तिनं सांगितलं नाही. दिगंबररावांनी ते तिच्या टॅबवर एकदा वाचलं होतं.

चारचा नेम मात्र त्यांनी मोडला नाही. चार वाजता स्वच्छ सदरा घालायचा, बुक्क्याचा टिळा लावायचा, पट्टा बांधायचा, पेटी उघडायची. ऐकणारं कुणी नसलं तरी कीर्तन देव ऐकतो, असं बुवा म्हणत. देव ऐकत असेल. रेघ ऐकत नव्हती.

कार्तिकातली गोष्ट. ऋजुता त्या दिवशी आलेली होती, कोपऱ्यात आकडे भरत बसली होती. दिगंबररावांनी सूर धरला, नमन झालं आणि ते भाता सावरायला थांबले. तेवढ्यात अक्का म्हणाली,

“तुम्ही रोज येता.”

पेटीवरचा हात तसाच राहिला. ‘तुम्ही’. परक्या माणसाला, आल्यागेल्याला म्हणतात तसं.

“हो,” ते म्हणाले.

“रोज येता, हे बांधता, गाता. जेवायलाही तुम्हीच घालता.” ती त्यांचा चेहरा निरखत होती, कपाळावरचा बुक्का, कानाजवळचा तीळ. पुसलेला पत्ता ती अशीच उजेडाकडं धरून बघत असणार. “मी कुठंतरी पाहिलंय तुम्हाला. कोण तुम्ही?”

दिगंबररावांच्या ओठांवर आलंच होतं. अगं मी. मी दिगू. कडेवर घेऊन देवळात न्यायचीस, तो. दोन शब्द, आणि कदाचित, क्षणभर का होईना, ती ‘दिगू’ म्हणाली असती.

“काका,” ऋजुता हळूच म्हणाली.

तिनं टॅब त्यांच्याकडं वळवला होता. हिरवी रेघ उठली होती. नुसती हलली नव्हती. वैशाखात त्या बंद दारापुढं होती तेवढी उंच उठून, तिथंच थरथरत उभी होती.

सांगायची परवानगी ऋजुताला नव्हतीच. पण या वेळी सांगायची गरजही नव्हती. एकदा धागा बांधून त्यांनी पाहिलं होतं.

अक्का वाट बघत होती. तिचा चेहरा किती दिवसांनी जागा झाला होता.

दिगंबररावांनी पेटीचा भाता मिटला. झाकण लावलं. दोन चमचे कमरेला खोचलेले होते ते काढून बाजूला ठेवले. हे सगळं करायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला, कारण डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं.

“सांगतो,” ते म्हणाले. “पण ती मोठी गोष्ट आहे, बाईसाहेब. एका बसण्यात व्हायची नाही.”

“मग सुरुवात तरी करा.”

“एक मुलगा होता. चार वर्षांचा. त्याची आई गेली, आणि त्याला कुणीतरी कडेवर घेतलं.”

“कुणी?”

रेघ आणखी वर गेली. दिगंबरराव उठले. देवाजवळचं आरतीचं तबक त्यांनी उचललं आणि कपाटात, वरच्या फळीवर, हात सहज पोचणार नाही असं मागं सारून ठेवलं. दारापर्यंत गेले, तर पाठीमागून तिचा आवाज आला, थोडा चिडलेला, थोडा लाडिक.

“अहो, कुणी घेतलं ते तरी सांगून जा.”

ते वळले नाहीत. वळले असते तर सांगून बसले असते.

“उरलेलं उद्या,” ते म्हणाले.